पाटी-पेन्सिलीआधी जमीन द्या

जून महिना आला की आपल्या वस्तीत तीन वर्षांची पोरे गळ्यात टाय आणि पाठीवर दप्तर अडकवून नर्सरीला निघतात. आई कौतुकाने सांगते, “आमचं बाळ आत्ताच एबीसीडी लिहितं!” त्या कौतुकामागे काय आहे, हे मला कळते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वर्गाबाहेर बसून शिकावे लागले, त्यांना नातवाच्या हातातली पेन्सिल पाहून भरून येणारच. तरीही एक नर्स म्हणून आणि तुमच्यातलीच एक बाई म्हणून स्पष्ट सांगते. तीन वर्षांच्या मुलाकडून चाररेघी वहीत अक्षरे गिरवून घेणे थांबवा. त्याला आधी जमीन द्या, माती द्या, पळायला जागा द्या. लिहिणारा हात तिथेच तयार होतो.

हे कसे, ते समजून घेऊ. मुलाच्या शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायाकडे आणि धडाकडून बोटांकडे येत जातो. आधी मान सावरते, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हाताचेही तसेच. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटे. पळणे, चढणे, उडी मारणे ही मोठ्या स्नायूंची कामे. बटण लावणे, मणी ओवणे, लिहिणे ही लहान स्नायूंची. पुस्तकात यांना स्थूल आणि सूक्ष्म कारक कौशल्ये म्हणतात. नावे दोन असली तरी एकाचा पाया दुसऱ्याखाली असतो. पटत नसेल तर घाटातून चाललेल्या एसटीत बसून सही करून बघा. बोटे तीच, पेनही तेच, पण अंग हलते म्हणून अक्षर वेडेवाकडे येते. ज्या मुलाची पाठ आणि खांदा अजून भक्कम झालेला नाही, ते वर्गात रोज अशा एसटीतच बसलेले असते. मग ते वाकते, डोके बाकावर टेकवते, पेन्सिल मुठीत आवळते, लवकर थकते. आणि बाई म्हणतात, “याचं लक्षच नसतं.” पहिलीतच पोराच्या कपाळावर ‘ढ’चा शिक्का बसतो. हा शिक्का आपल्या मुलांवर किती सहज मारला जातो, हे मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. जन्माच्या वेळी मनगटातली आठही हाडे मऊ कूर्चेची असतात. ती टणक व्हायचे काम मूल शाळेत जाऊ लागले तरी चालूच असते. म्हणून साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला गोल काढता येतो, चौथ्याच्या आसपास चौकोन आणि पाचव्याच्या आसपास त्रिकोण. ज्याला अजून तिरपी रेघ जमत नाही, त्याच्याकडून ‘क’ आणि ‘ए’ काढून घेण्यात काय अर्थ?

आता वयाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली काही मर्यादा जाहीर केल्या. त्यात आपल्या दिल्लीतली मुलेही होती. आधाराशिवाय बसणे साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यात येते. हात-गुडघ्यांवर रांगणे पाचव्या ते साडेतेराव्या महिन्यात. कशालाही न धरता चालणे आठव्या ते साडेसतराव्या महिन्यात. शंभरातली चारेक मुले रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात, तेही ठीक आहे. म्हणून शेजारणीचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले तेराव्यात, याचे दुःख करू नका. पण या मर्यादेच्या बाहेर गेले तर गप्पही बसू नका. त्याबद्दल पुढे सांगते.

मग आपल्या मुलांना जमीन का मिळत नाही? आया आळशी आहेत म्हणून नव्हे. भोर-वेल्ह्यात भातलावणी सुरू झाली की बाई पहाटे घर सोडते. महामार्गावरच्या हॉटेलात भांडी घासणारी, शिरवळच्या कंपनीत पाळी करणारी, दुसऱ्याच्या घरी धुणी करणारी, सगळ्यांची हीच कथा. बाळ आजीकडे किंवा आठ वर्षांच्या बहिणीकडे राहते. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, कॉट, पिंप, कपाट. उरलेल्या जागेत बाळाला कुठे सोडणार? कापूरहोळसारख्या गावात तर पुणे-सातारा महामार्ग दारावरून जातो आणि भोरचा व नारायणपूर-सासवडचा फाटाही इथेच. दिवसभर गाड्यांची ये-जा. पोर रस्त्यावर जाईल या भीतीने ते झोळीत, कडेवर नाहीतर मोबाइलपुढे अडकून राहते. ही भीती खोटी नाही. पण दिवसभर अडकलेल्या मुलाचे हातपाय कोरडेच राहतात.

जागेपणी बाळ झोळीतून काढा. जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, त्याला रोज थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा. दिवसभरात मिळून अर्धा तास झाला तरी पुष्कळ. झोपवताना मात्र उताणेच झोपवा. मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला सरळ आहे. दोन वर्षांच्या आत पडदा दाखवू नये, पुढे चौथ्या वर्षापर्यंत दिवसाला तासाच्या आत. मुलाला एका जागी सलग तासाहून जास्त बांधून ठेवू नये, असेही त्यात आहे.

चाकांच्या वॉकरवर तर माझा रागच आहे. बाळ लवकर चालावे म्हणून हौसेने तो आणतात. त्यात बाळ बसलेले असते, पायाच्या टोकांनी ढकलते, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय उंबऱ्यावरून, पायरीवरून उलटते, चुलीपर्यंत पोचते. कॅनडाने 2004 साली या वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. आपल्या सुताराने केलेला जुना पांगुळगाडा त्याहून कितीतरी शहाणा. त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभे राहून गाडा ढकलते, भार पायांवर घेते, पडायला लागले तर सावरायला शिकते. तोही कोणाच्या तरी नजरेसमोरच द्यावा.

बोटांसाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. सहा-सात महिन्यांचे बाळ वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पोळीचा तुकडा उचलते. ही चिमूट म्हणजे पुढच्या पेन्सिलीची सुरुवात. दीड वर्षाच्या मुलाला कोळसा नाहीतर खडू द्या आणि फरशीवर रेघोट्या ओढू द्या. दोन-तीन वर्षांच्या मुलाला कणकेचा गोळा द्या, डब्याची झाकणे लावू द्या, ओला फडका पिळू द्या, दोरीवर चिमटे लावू द्या. चार वर्षांचे मूल शेंगा सोलते, मेथी निवडते, सदऱ्याची बटणे लावते. आज्यांनो, तुम्ही आपडी-थापडी खेळता, पोरी सागरगोटे झेलतात, अंगणात लंगडी रंगते, हे सगळे हाताचे, नजरेचे आणि तोलाचे शिक्षण आहे. फक्त एक सांभाळा. लहान मुलाच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मणी, नाणी देऊ नका, घशात अडकतात.

हे मी नवीन सांगते आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. डॉ. मारिया माँटेसरीची साधने महाग होती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांवर मुलांचे हात तयार केले. गरीब वस्तीतली पोरे बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला आणि पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. म्हणजे अंगणवाडीच्या नावातच अंगण आहे. आज किती अंगणवाड्यांना खरोखर अंगण आहे, ते आपापल्या वस्तीत जाऊन बघा. खिचडी मिळाली की आपण समाधानी होतो. धावायला जागा, चढायला काही, खेळायला माती आहे का, हे विचारत नाही.

कोणी म्हणेल, “ताई, इतरांची पोरं पुढं जातील आणि आमची मातीत खेळत बसतील.” उलटे आहे. शहरातल्या महागड्या बालशाळांत जाऊन बघा. तिथे वाळूचा हौद आहे, रंग आहेत, चढायच्या जाळ्या आहेत. गिरवायच्या वह्या आणि घोकंपट्टी गरिबांच्या स्वस्त नर्सरीत आहे. त्यांच्या मुलांना खेळ आणि आपल्या मुलांना वेठ, आणि वर फी आपणच भरायची! 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे.

आता त्या मर्यादेबाहेर गेलेल्या मुलांविषयी. “याचा बापही उशिराच चालला होता,” हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. कधी ते खरे असते. पण पुढच्या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. चार महिने होऊनही मान सावरत नाही. नऊ महिने झाले तरी बसत नाही. दीड वर्ष झाले तरी चालत नाही. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरते आणि दुसरा मुठीत मिटलेला राहतो. अंग फार ताठ किंवा फार सैल लागते. येत असलेली गोष्ट येईनाशी होते. यामागे जन्मताना गुदमरणे, जोराची कावीळ, मेंदूचा पक्षाघात, थायरॉइडची कमतरता, मुडदूस, रक्तक्षय असे काहीही असू शकते. यातल्या काहींवर औषध आहे, काहींवर व्यायामोपचार आहेत, आणि पहिल्या वर्षांत मेंदू जेवढा वळतो तेवढा नंतर वळत नाही. अंगारा, दृष्ट, गंडादोरा यांत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. बाबासाहेबांनी आपल्याला त्या वाटेवरून बाजूला काढले आहे, पोर आजारी पडले म्हणून पुन्हा तिकडे वळू नका.

जायचे कुठे? आधी तुमच्याकडचे माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. लसीच्या तारखांपलीकडे त्यात बाळाने कधी काय करावे, याची चित्रे आहेत. अंगणवाडीताई किंवा आशाताईला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, त्याचा पहिला कार्यक्रम आपल्याच महाराष्ट्रात पालघरला झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन प्रत्येक मूल तपासायला बांधील आहे आणि वाढीतला उशीर हा त्यांच्या तपासणीतला ठरलेला भाग आहे. पथक कधी येणार ती तारीख विचारून घ्या, त्या दिवशी मजुरी बुडाली तरी मूल घेऊन जा. पुढे जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय आहे, तिथले उपचार मोफत आहेत. चिठ्ठी मागा, आणि मिळेपर्यंत उठू नका.

शेवटी दोन मागण्या. पहिली ग्रामपंचायतीकडे. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करणे पंचायतीला बंधनकारक आहे. पुढच्या ग्रामसभेत बायकांनी उठून विचारावे, त्यातून अंगणवाडीला कुंपण घातलेले अंगण का होत नाही? एक ट्रॉली वाळू, चार जुने टायर, एक झोका, याला कितीसा पैसा लागतो?

दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. वस्तीत सगळ्यात मोठी, स्वच्छ, सपाट, सुरक्षित फरशी कुठे असेल तर ती विहारात. वंदना झाली की तिथे कुलूप लागते. माझे म्हणणे असे की, रोज दोन तास ते कुलूप काढा. सतरंजी अंथरा, दोन आज्या आणि कॉलेजच्या दोन मुली पाळीपाळीने बसू देत, वस्तीतली पाच वर्षांखालची पोरे तिथे लोळू, रांगू, पळू देत. गोंगाट होईल, फरशी पुसावी लागेल, हे मान्य. पण 1928 साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब कष्टकरी आईच्या बाजूने उभे राहिले होते. त्या आईला आज दोन तास निर्धास्त काम करता आले आणि तिच्या बाळाला दोन तास जमीन मिळाली, तर विहाराची शोभा कमी होणार नाही.

‘शिका’ हा आदेश आपण पाळतोच. त्याची सुरुवात पहिलीच्या वर्गात होते असे समजू नका. बाळ पालथे पडून पहिल्यांदा मान उचलते, तेव्हाच ती झालेली असते.

जय भीम!