सत्तावन्नच्या आत

जलतरणात पदकं मोजायची सवय इतकी मुरली आहे की घड्याळाकडे फारसं कुणी पाहत नाही. ॲडम पीटीचं मोठेपण मात्र घड्याळातच दिसतं. 2012च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कॅमेरॉन व्हॅन डर बर्गने 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं ते 58.46 सेकंदांचा विश्वविक्रम करून. सात वर्षांनी दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूत पीटीने हेच अंतर 56.88 सेकंदांत कापलं. मधले सगळे विश्वविक्रमही त्याचेच. जिथे विक्रम सेकंदाच्या शतांशांनी पुढे सरकतात, तिथे एकट्या माणसाने दीड सेकंदाहून अधिक वेळ कमी केला.

लंडनमध्ये ती शर्यत झाली तेव्हा पीटी सतरा वर्षांचा होता आणि मित्रांबरोबर मजा करायला निघाला होता. ज्याच्याबरोबर तो स्पर्धांत उतरायचा तो क्रेग बेन्सन ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचल्याचं त्याला फोनवर दिसलं, आणि तिथून त्याने पोहणं खऱ्या अर्थाने मनावर घेतलं. इंग्लंडमधल्या युटॉक्सेटर या छोट्या गावचा हा मुलगा. लहानपणी तो पाण्याला घाबरायचा; आंघोळीच्या टबमध्ये शार्क येईल अशी भीती भावांनी घातली होती. पुढे डर्बीच्या क्लबमध्ये मेल मार्शल या माजी ऑलिम्पिक जलतरणपटूने त्याला फ्रीस्टाइल पोहताना पाहिलं. त्यात विशेष काही नव्हतं. ब्रेस्टस्ट्रोक सुरू झाल्यावर मात्र तिची नजर त्याच्यावर खिळली. बाराव्या-तेराव्या वर्षीच मुलांच्या गुणवत्तेचा निकाल लावणाऱ्या प्रत्येक निवड समितीने हा इतिहास वाचायला हवा.

चार शैलींत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ. हात पुढे नेताना आणि पाय ओढून घेताना पाण्याचा अडथळा वाढतो, प्रत्येक फेऱ्यात वेग पडतो. म्हणून हात मारल्यावर शरीर लांबवून सरकत राहण्यावर पूर्वापार भर असे. पीटीने ते सरकणं जवळजवळ काढून टाकलं. गुडघे आणि घोटे विलक्षण लवचिक, खांदे-छाती भारोत्तोलकाची, त्यामुळे हातापायांची लय इतकी जलद की वेग पडायला अवकाशच उरत नाही. इतक्या जलद लयीत ताकद टिकवणं हे खरं अवघड काम, आणि त्यासाठीचा सराव मार्शलने त्याच्याकडून वर्षानुवर्षं करून घेतला. या यशात तिचा वाटा बरोबरीचा मानला पाहिजे.

2015मध्ये 57.92: मानवाने प्रथमच 58 सेकंदांची हद्द ओलांडली. 2016मध्ये रिओत 57.13 आणि सुवर्ण. दुसरा आलेला व्हॅन डर बर्ग तब्बल 1.56 सेकंद मागे. 1988मध्ये एड्रियन मूरहाउसने हीच शर्यत जिंकल्यानंतर ब्रिटिश पुरुषाचं जलतरणातलं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. मग टोकियोत पुन्हा सुवर्ण. ऑलिम्पिक विजेतेपद राखणारा तो पहिला ब्रिटिश जलतरणपटू.

त्यानंतर पडझड. 2022मध्ये पायाचं हाड मोडलं आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 100 मीटरला तो चौथा आला. 2023मध्ये मानसिक आरोग्याचं कारण देऊन त्याने ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेतून माघार घेतली. नैराश्य आणि दारू यांबद्दल तो उघडपणे बोलला. सर्वोच्च शिखरावर असलेल्या पुरुष खेळाडूने हे सांगणं फार मोलाचं होतं.

पॅरिसमध्ये इटलीचा निकोलो मार्टिनेंगी 59.03 सेकंदांत जिंकला. पीटी आणि अमेरिकेचा निक फिंक दोघेही 59.05. शतांशाच्या दोन घरांनी तिसरं सलग सुवर्ण हुकलं, आणि दुसऱ्याच दिवशी पीटीला कोविड झाल्याचं निष्पन्न झालं. तरीही त्या अंतिम फेरीतल्या कुणालाही त्याच्या 56.88च्या जवळ जाता आलं नव्हतं.

एक अन्याय अजून सांगायचा राहिला. पीटीचा सर्वांत थरारक विक्रम 50 मीटरचा: 2017मध्ये बुडापेस्टला 25.95 सेकंद. ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. 2028च्या लॉस एंजेलिसमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही शैलींतल्या 50 मीटर शर्यती येत आहेत. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. भारतालाही त्याचं महत्त्व आहे: कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010च्या आशियाई स्पर्धेत मिळवलेलं कांस्य 50 मीटर बटरफ्लायचं, तर संदीप सेजवालचं 2014चं कांस्य 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं. दोघांच्याही या शर्यतींना तेव्हा ऑलिम्पिकचं दार बंद होतं. आपल्या प्रशिक्षकांनी 2028ची आखणी करताना या बदलाचा विचार आत्तापासूनच करावा.