पुढारी पारखायचा कशावर?



मंत्री लायक की नालायक, या प्रश्नावर २०२५ साली नाशिक जिल्ह्यातल्या पारापारावर वाद झाले. सिन्नरचे आमदार माणिकराव कोकाटे डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे कृषिमंत्री झाले. दोन महिन्यांत, सरकारी कोट्यातल्या सदनिकांच्या १९९५ सालच्या प्रकरणात नाशिकच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. जुलैत विधान परिषदेत त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे. ३१ जुलैला शेतीखाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले, कोकाटेंना क्रीडाखाते मिळाले. डिसेंबरात सत्र न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि मंत्रिपदही गेले. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेले. ते न्यायालयाचे काम.

सभागृहात मंत्र्याने काय करावे, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण खाते बदलले आणि चर्चा संपली. आमचा सवाल असा, की खाते बदलल्याने कापसाचा भाव बदलला का?

बदलला तो दिल्लीत. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली कपाशी वेचून घरात येते नेमके तेव्हा. परदेशी कापूस शुल्कासह गिरणीला जितक्याला पडतो, त्याहून जास्त भाव गिरणी आपल्याला देत नाही. शुल्क उठले की ती वरची पट्टीच खाली येते. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव कागदावर मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. ज्या दिवसांत आपण पत्त्यांवर वाद घालत होतो, त्याच दिवसांत हा डाव झाला.

तेव्हा पहिली गोष्ट, ज्याच्या हातात जे आहे त्याचाच जाब त्याला विचारावा. आयातशुल्क, निर्यातबंदी आणि कापसाचे खरेदी केंद्र खासदाराला विचारायचे, ज्वारीचे खरेदी केंद्र आणि वीज आमदाराला. आमदाराला दिल्लीचा आणि खासदाराला गल्लीतल्या गटाराचा जाब विचारणारा मतदार पुढाऱ्यांना फार आवडतो. दोघेही सुटतात.

दुसरी गोष्ट बियाण्याची. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते, तशी चिठ्ठी पिशवीला असते. उमेदवारालाही आता चिठ्ठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे २००३ पासून गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर लिहून द्यावे लागते. ते जरूर वाचा. पण भाव पडल्यावर हा माणूस तोंड उघडील का, हे त्या चिठ्ठीवर नसते. ती उगवण आपणच तपासायची.

ती कशी तपासतात हे दिंडोरीच्या कांदेवाल्यांनी २०२४ मध्ये दाखवले. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. ती उठली ४ मे रोजी, मतदान १६ दिवसांवर आल्यावर, तीही ४० टक्के शुल्क लावून. खासदार डॉ. भारती पवार शिकलेल्या होत्या, केंद्रात राज्यमंत्री होत्या. चिठ्ठीत खोट नव्हती. मतदारांनी एकच विचारले, बंदी आली तेव्हा तुम्ही कुठे होता? भास्कर भगरे हे शिक्षक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. आता तोच प्रश्न भगरे सरांनाही लागू आहे.

कांद्याला जे जमले ते कपाशीला का जमत नाही? कांदा लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात एकत्र येतो, लिलाव बंद पडला की सगळ्या देशाला कळते. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडचा कापूस खेडा खरेदीत दारातून एकेक गाठोडे करून जातो. एकटा विकतो तो एकटाच रडतो. ज्वारीवाल्याची गत याहून वेगळी नाही.

म्हणून मत मागायला येईल त्याला गावाने मिळून तीन प्रश्न विचारावेत. खासदारकीच्या उमेदवाराला, कापसाचे आयातशुल्क उठले तर सभागृहात विरोधात बोलाल का? कापसाचे खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडून घ्याल का? आणि आमदारकीच्या उमेदवाराला, ज्वारीचा हमीभाव आमच्या तालुक्यात कोणत्या केंद्रावर मिळेल?

पक्षाचा व्हिप आहे, असे उत्तर येईल. व्हिप मताला असतो, तोंडाला नसतो.

उत्तर कागदावर घ्या, सही आणि तारीख घ्या, कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. जात, पक्ष, भाषण यांवर वाद घालायचे ते त्यानंतर. जो सही करणार नाही, त्याची उगवण कळली असे समजा.