वलांडीवरचे बोंबील

मालाडहून मार्वेला गेलं की समोर मनोरी. मधली खाडी बोटीने दहा मिनिटांत संपते. माणसं स्कूटरसकट चढतात. मनोरी, गोराई, उत्तन मिळून हे धारावी बेट. आपली झोपडपट्टीची धारावी वेगळी. इथला किल्ला चिमाजी आप्पांच्या फौजेने १७३९ साली वसईच्या आधी घेतला होता. बेट म्हणायचं, पण भाईंदरकडून रस्त्यानेही येता येतं.

गेल्या रविवारी मित्र बरोबर होता. किनाऱ्याकडे वळताच त्याने नाकाला रुमाल लावला. "रिसॉर्टवाल्यांनी हा वास आधी सांगायला नको?" वास बोंबलांचा. बांबूच्या वलांड्यांवर रांगाच्या रांगा लटकत होत्या आणि खाली एक मावशी जोड्या लावत बसली होती. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, जोडी वर टाकायची, की पुढची. दोरा नाही, आकडा नाही, मीठसुद्धा नाही. काम उन्हावाऱ्याचं. मी बघत राहिलो, मित्र मोबाइलवर रिसॉर्टचा रस्ता शोधत राहिला.

रिसॉर्टमध्ये जेवायला पनीर होतं. बाहेर गावात ईस्ट इंडियन घरांतून नारळाच्या दुधाचे फुगे तळले जातात, बाटली मसाल्याचं कालवण होतं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, भाजून, कांडून तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासतात, उजेड लागू नये म्हणून. ही मंडळी मूळची इथलीच, घरात मराठी बोलणारी. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं. मनोरीत त्यांचं छोटं संग्रहालयही आहे. आमच्या रिसॉर्टमध्ये त्याचा साधा फलकही नव्हता.

या पट्ट्यात विशेष पर्यटन क्षेत्राचा घाट घातला गेला तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले. पाहुण्यांशी वैर नव्हतं हो, शेतं आणि मासेमारी जाण्याची धास्ती होती. मला विचाराल तर वलांड्या हलवून बांधलेलं हॉटेल मनोरीत असलं काय नि मालदीवला असलं काय, सारखंच. त्यापेक्षा गावातल्याच एखाद्या घरात दोन खोल्या मिळाव्यात, सकाळी जाळं ओढताना बघावं, दुपारी त्या घरचंच जेवावं. पैसाही मग त्याच गल्लीत राहतो.

परतीच्या बोटीत माझ्या मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. मित्र दोन बाकं सोडून बसला. शेजारच्या कोळीणबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "कितीला घेतले?" सांगितलं. त्या हसल्या. "महाग पडले, दादा. पुढच्या वेळी आधी माझ्याकडे ये."