काचघर नको, जाळी हवी
विलायतेतले काचघर थंडीत ऊब साठवायला असते. नगरच्या गच्चीवर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तेच उभारले तर मेथी कुंडीतच शिजेल. आपल्याला हवी सावली: ५० टक्क्यांची हिरवी जाळी, जीआय पाइपचा सांगाडा, माणूस ताठ उभा राहील एवढी उंची आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या. वळवाचा वारा आधी जाळीच उचलतो, म्हणून सांगाड्याचे पाय कठड्याला पक्के बांधा. प्लॅस्टिकचा कागद पावसाळ्यात रोपांपुरता पुरे. आणि बियाणे पाकिटातलेच कशाला? याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान घेवडा मिळाला तर तो मात्र जाळीबाहेर, उन्हातच लावा.