समुद्राला झालेले खताचे अजीर्ण

समुद्र मरतो तो विषाने, असे आपण सहज धरून चालतो. तेलगळती किंवा कारखान्याचे रसायन डोळ्यांना दिसते, म्हणून संतापही त्यावरच निघतो. पण जगातल्या शेकडो किनाऱ्यांवर समुद्राचा श्वास कोंडतो आहे तो अन्न जास्त झाल्याने, आणि ते अन्न जमिनीवरूनच येते. या दिवाळी अंकाच्या आरंभी आम्हाला हेच ठामपणे मांडायचे आहे.

अमेरिकेच्या सलग भूभागापैकी सुमारे 41 टक्के जमिनीचे पाणी मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात उतरते. मक्याच्या शेतांतले पिकाने न उचललेले नत्र आणि स्फुरद त्याबरोबर येते. नदीचे गोडे, हलके पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते. त्या थरातल्या उजेडात सूक्ष्म शैवाल माजते, मरते, तळाशी बसते. ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात आणि वरचा थर हवेतला प्राणवायू खाली पोचू देत नाही. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली प्रमाण गेले की पोहणारे मासे पळ काढतात. कोळंबी अशा कमी प्राणवायूच्या क्षेत्राच्या कडेला दाटीने जमते. चिखलातले किडे बिळे सोडून वर येतात आणि तिथेच मरतात. 1985पासून जवळपास दर उन्हाळ्यात आखातातल्या या क्षेत्राची मोजणी होते. 2017 साली ते 22,720 चौरस किलोमीटर भरले, म्हणजे गोव्याच्या सहापट.

यावर पहिला आक्षेप असा, की पाण्याचे थर ही निसर्गाची करणी आहे, शेतकऱ्याला दोष कशाला? आक्षेप बिनबुडाचा नाही. आपल्याच अरबी समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस खोलातले, मुळातच प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे चढते, वर पावसाच्या गोड्या पाण्याचे झाकण बसते, आणि दसऱ्याच्या सुमारास गोव्यालगत तळ गुदमरतो. त्यात खतांचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत. पण काळ्या समुद्राने या वादात निर्णायक साक्ष दिली आहे. डॅन्यूबच्या मुखाजवळचे असे क्षेत्र 1990च्या सुमारास 40,000 चौरस किलोमीटरपर्यंत पसरले होते. सोव्हिएत गट कोसळला, खतांचे अनुदान आटले, वापर निम्म्याहून खाली आला आणि 1996पर्यंत ते क्षेत्र जवळपास नाहीसे झाले. थर तेच होते, नदीही तीच. घटले ते खत. पुढे 2001च्या उष्ण उन्हाळ्यात तळ पुन्हा गुदमरला, हेही खरे. उष्णतेचा हात त्यात आहे, आणि म्हणूनच जे आपल्या हाती आहे त्यात ढिलाई परवडणारी नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे: खत नसेल तर लोक खाणार काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. भुकेचा इतिहास आपल्यालाही ठाऊक आहे. मात्र शेतातून समुद्रात पोचते ते नत्र कोणाच्याच ताटात गेलेले नसते. पिकाला लागेल तेव्हा, लागेल तेवढेच हप्त्याहप्त्याने द्यावे, दोन मोसमांच्या मधल्या काळात जमीन आच्छादित ठेवावी, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा; यांत उत्पन्न बुडत नाही, खताचा खर्च मात्र वाचतो. अडते ते दुसरीकडेच. अमेरिकेच्या 1972च्या जलप्रदूषण कायद्याने नळातून सुटणाऱ्या सांडपाण्याला परवान्याची अट घातली, पण शेतातून पावसाबरोबर वाहून जाणारे पाणी त्यातून वगळले गेले. तिथे सारे काही स्वेच्छेवर सोडले आहे. आखातातले क्षेत्र 5,000 चौरस किलोमीटरवर आणण्याची 2001 साली ठरलेली 2015ची मुदत टळून आता 2035 झाली आहे, ती आमच्या मते याच कारणाने.