दुसरे कार्ड घेण्याआधी



आम्ही कर्जत-खालापूरचे भातवाले. तुमची कपाशी आणि ज्वारी, आमची लावणी आणि झोडणी. पीक वेगळे, पण घरातले कार्ड एकच : किसान क्रेडिट कार्ड. १९९८ साली ही योजना आली, तेव्हा दरवर्षी नव्याने कागद रंगवण्याचा त्रास वाचेल म्हणून आपण सगळ्यांनीच ते घेतले. आता घरात दुसरे कार्ड येऊ पाहते आहे. आमच्याकडे पोरगा खोपोलीच्या कारखान्यात लागला, पगार खात्यावर जमा होऊ लागला, की लगेच फोन सुरू होतात : 'कार्ड घ्या, पहिले वर्ष फुकट.' तुमच्याकडेही तालुक्याच्या गावापर्यंत हे फोन पोचले असतील. घ्यावे की नाही, याचा हिशेब आम्ही आमच्या बैठकीत मांडला. तोच इथे देतो.

आमच्यातल्याच एका घरची गोष्ट. किसान कार्डाचे ४०,००० रुपये मार्चअखेर भरायचे होते. नवे-जुने करायचे, म्हणजे आज भरायचे आणि चार दिवसांनी परत उचलायचे. दरवर्षी यासाठी गावात हात पसरावा लागे. यंदा पोराच्या कार्डावर रोख काढली. कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही, म्हणून घर खुशीत होते. पण बँकेत नवे कर्ज मंजूर व्हायला महिना लागला आणि मग कार्डाचे बिल आले.

आकडे बघा. कार्डावर रोख काढली की साधारण अडीच टक्के फी लागते, म्हणजे १,००० रुपये. त्यावर १८ टक्के कर १८० रुपये. रोखीला बिनव्याजी दिवस नसतात, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू. महिना साडेतीन टक्के म्हणजे १,४०० रुपये आणि त्यावर कर २५२ रुपये. एका महिन्याचे झाले २,८३२ रुपये. आता दुसरी बाजू. किसान कार्डावर ४०,००० रुपयांचे सात टक्क्यांनी अख्ख्या वर्षाचे व्याज होते २,८०० रुपये. वेळेत फेडले तर केंद्राच्या सवलतीने चार टक्के, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंत शून्य. म्हणजे वर्षाची सवलत वाचवायला गेलो आणि महिन्यात तेवढेच घालवून बसलो. थकबाकीत जाऊ नये हे खरेच, कारण थकल्यावर पुढचे कर्ज अडते. पण आठ दिवसांत पैसा येणार अशी खात्री नसेल, तर ही वाट नव्हे.

कुणी म्हणेल, 'किमान रक्कम भरत राहू.' ४०,००० वर पाच टक्के धरा, २,००० रुपये. त्यातले १,६५२ व्याज आणि करात जातात. मुद्दलातून फिटतात ३४८. वर्षभर पोराचा पगार कापला जाईल आणि कर्ज जवळपास तिथेच राहील. दराला वरून लगाम आहे अशाही समजुतीत राहू नका. ग्राहक आयोगाने थकीत बिलावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मूळ गोष्ट साधी आहे. कार्डाचे बिल महिन्याला येते, शेताचा पैसा वर्षातून एकदा. जूनमध्ये सरकी टोचायची आणि दिवाळीच्या पुढेमागे पहिली वेचणी. दरम्यान चार-पाच बिले येऊन जातात. आमच्या कर्जत तालुक्यात हुतात्मा भाई कोटवालांनी सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून धान्यकोठ्या काढल्या होत्या. पावसाळ्यात धान्य न्यावे, पीक आल्यावर परत करावे. फेड पिकाच्या हंगामाला बांधलेली होती, हे त्यातले शहाणपण. महिन्याच्या तारखेला बांधलेले कर्ज महिन्याच्या पगारालाच शोभते.

म्हणून आमचे मत असे. घरात कायम पगार आहे आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरण्याची शिस्त आहे, तर पोराने कार्ड खुशाल घ्यावे. पण त्यावर बियाणे, खत आणि नवे-जुने टाकू नये, रोख तर काढूच नये.

शेतीला कमी पडत असेल तर आधी पहिल्या कार्डाकडे बघा. त्याची मुदत पाच वर्षांची आहे. पीक बदलले, क्षेत्र वाढले तर मर्यादा वाढवून मागा. पीककर्जाच्या १० टक्के रक्कम घरखर्चासाठी त्या मर्यादेत धरलेली असते. गाई-म्हशींसाठीही किसान कार्डाची सोय आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि मुख्य म्हणजे, हे खाते एकदाच उचलून संपवायचे नसते. कापूस विकला की त्याच दिवशी भरा, लागेल तेव्हा लागेल तेवढेच उचला. मार्चची धावपळ निम्मी तिथेच संपते.

न मागता कार्ड घरी आले तर वापरू नका. तुमच्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. घेतलेले बंद करायचे असेल तर बाकी चुकती करून अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले नाही, तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे आहेत.

शेवटचे. कापूस तोट्यात विकला गेला, तर पहिले कार्डही फिटत नाही. दुसरे कार्ड तो तोटा भरून काढत नाही, फक्त पुढच्या महिन्यावर ढकलते. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या कार्डाचे बिल घेऊन या. सगळ्यांसमोर बेरीज करू, मग ठरवू.