चेहरे गेले, नावे राहिली

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सातवाहनकाळी कोकणच्या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरच्या बाजारपेठेत चढत असे. घाटमाथ्यालगतच्या लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमा आता नष्ट झाल्या आहेत. पावलांच्या काही खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मात्र प्रत्येक प्रतिमेच्या वर तिचे नाव कोरलेले होते. म्हणूनच तेथे सिमुक सातवाहन, नागनिका आणि श्रीसातकर्णी होते, हे आजही सांगता येते.

आपल्या घरांतील स्थिती नेमकी उलट आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर वा घोडेगाव येथील कोणत्याही कुटुंबात विवाह, बारसे, तपश्चर्येचे पारणे, आजीच्या तोंडचे स्तवन अशा शेकडो चित्रफिती मोबाइलमध्ये आणि मेमरी कार्डांत विखुरलेल्या असतात. चेहरे विपुल आहेत. नावे कोठेच नाहीत. फाइलीच्या नावात केवळ आकडे असतात. स्तवन म्हणणाऱ्या आजींच्या शेजारी बसलेल्या वृद्धा कोण, हे सांगू शकणारी व्यक्ती आज घरात आहे. ती नेहमीच असेल, असे नाही.

या चित्रफिती डीव्हीडीवर उतरविण्याचे काम अनेक घरांत काढले जाते. त्यापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. डीव्हीडी दोन प्रकारे तयार होते. पहिल्या प्रकारात फाइली जशाच्या तशा उतरविल्या जातात; त्या संगणकावर पाहता येतात आणि त्यांचा दर्जा अबाधित राहतो. दुसऱ्या प्रकारात त्यांचे एमपेग-२ या स्वरूपात रूपांतर होते; ती तबकडी दूरचित्रवाणीला जोडलेल्या साध्या प्लेअरवर चालते. घरातील वडीलधाऱ्यांना हाच प्रकार सोयीचा. एका थराच्या तबकडीची क्षमता ४.७ जीबी असते. तीत उत्तम दर्जाचे सुमारे एक तासाचे, तर मध्यम दर्जाचे सुमारे दोन तासांचे चित्रण बसते.

मात्र या रूपांतरात बरेच काही गळते. मोबाइलवरील फुल एचडी चित्राची चौकट १९२० गुणिले १०८० बिंदूंची असते, तर आपल्याकडील डीव्हीडीची ७२० गुणिले ५७६ बिंदूंची. म्हणजे बिंदू एकपंचमांशच उरतात. त्यामुळे डीव्हीडी तयार झाली म्हणून मूळ फाइली पुसून टाकणे ही मोठी चूक ठरते. डीव्हीडी पाहण्यासाठी, मूळ फाइली जपण्यासाठी.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व फाइली संगणकावर एकत्र कराव्यात आणि प्रत्येकीला वर्ष, प्रसंग, गाव व व्यक्ती या क्रमाने नाव द्यावे. एकाच प्रसंगाच्या दहा फिती असतील, तर डीव्हीडीसाठी दोन निवडाव्यात. आरंभीच्या सूचीत प्रसंगांची नावे मराठीत द्यावीत. शेवटी तबकडी ‘फायनलाइज’ करावी. अन्यथा ती दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. ती दुसऱ्या घरच्या यंत्रावर चालवून पाहिल्यावरच काम पूर्ण झाले असे समजावे.

घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील नोंद एका रंगद्रव्याच्या थरावर असते आणि हे द्रव्य प्रकाशाने व उष्णतेने खराब होते. म्हणून तबकडी डबीत उभी, उन्हापासून दूर ठेवावी. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये. दोन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, नातलगांकडे ठेवावी. १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या गाजलेल्या चित्रपटाची ही गत, तर घरगुती चित्रफितीची काय कथा!

नाणेघाट आणखी एक गोष्ट शिकवतो. तेथील अक्षरे दगडात शाबूत होती. पण ब्राह्मी वाचणारे कोणी उरले नव्हते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे असे लेख वाचता येऊ लागले. डीव्हीडीवरही हीच वेळ येऊ शकते. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी घालण्याची सोय सहसा नसते. तबकडी शाबूत, पण वाचणारे यंत्र नाही, अशी अवस्था येण्यापूर्वी मजकूर नव्या साधनावर उतरवावा लागतो. मुदत ठेवीचे जसे वेळेवर नूतनीकरण करावे लागते, तसेच हे. दर तीन-चार वर्षांनी तपासणी करावी आणि ही जबाबदारी घरातील एका व्यक्तीकडे नेमून द्यावी. सर्वांचे काम ते कोणाचेच नसते.

यंत्राचे काम दुकानदारही करून देईल. नावे मात्र त्याला सांगता येणार नाहीत. येत्या सुट्टीत आजी-आजोबांना दूरचित्रवाणीसमोर बसवावे, चित्रफिती एकेक करून लावाव्यात आणि ते जी नावे, नाती व गावे सांगतील, ती नातवंडांनी वहीत उतरवून घ्यावीत. ती वही डीव्हीडीच्या डबीशेजारीच ठेवावी.